कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जात नाहीत, झाडावर बसतात आणि एकेक करून कमी होतात: कारण आणि उपाय

दिवसभर कोंबड्या व्यवस्थित चरतात, दाणे टिपतात, अंडीही घालतात. दिवेलागणीला खुराड्याच्या दारापर्यंत येतात, आत मान घालतात आणि मागे फिरतात. मग कुणी शेवग्यावर, कुणी आंब्यावर, कुणी गोठ्याच्या वाशावर चढून बसतं. आठ-पंधरा दिवसांत एखादी सकाळी दिसत नाही. कुंपणापाशी चार पिसं पडलेली असतात. घरचे म्हणतात, रानमांजर आलं. खुराड्याला नवी जाळी मारली जाते, दाराला नवी कडी येते, आणि कोंबड्या तरीही झाडावरच. वर्षभरानं पुन्हा तेच.

ही तक्रार कोकणातून येते तशीच सोलापूर-बीडकडूनही येते. माझं ठाम मत असं, की यात रानमांजर सगळ्यात शेवटी येतं. सुरुवात खुराड्याच्या आत झालेली असते. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी आडोशाला जाणं हा तिचा स्वभावच आहे. ती जेव्हा रोजची, ओळखीची जागा टाळते, तेव्हा त्या जागेत तिला रात्रभर त्रास होत असतो. बहुतेक वेळा हा त्रास देणारे जीव फटींत राहतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत शिरतात. दिवसा खुराडं झाडणाऱ्याला ते दिसतच नाहीत. म्हणूनच ही अडचण वर्षानुवर्षं सुटत नाही.

आधी रात्री जाऊन बघा

जाळी, कडी, सापळा यावर खर्च करायच्या आधी एक काम करा. अंधार पडल्यावर दोनेक तासांनी बॅटरी आणि एक पांढरं सुती फडकं घेऊन खुराड्यात जा. आत एखादी तरी कोंबडी बसलेली असेल असं बघा. नसेल तर झाडावरची उतरवून आत ठेवा. फडकं हाताला गुंडाळून दांडीच्या खालच्या बाजूनं, दांडी भिंतीला टेकते त्या कोपऱ्यात आणि अंडी घालायच्या खोक्याच्या तळाशी जरा दाबून फिरवा. फडक्यावर तांबडे, रक्तासारखे ओघळ उमटले तर लाल माइट आहेत. रक्त प्यायलेला माइट लालभडक असतो, उपाशी असला तर राखाडी दिसतो, आणि आकार मोहरीपेक्षाही लहान. खुराडं साफ करून आल्यावर तुमच्या हातांना, मानेला खाज सुटत असेल तर तीही खूणच समजा, कारण हे माणसालाही चावतात.

फडकं कोरडं निघालं तर फटींत बॅटरी मारा. भिंतीच्या भेगांत, लाकडाच्या चिरांत, दाराच्या बिजागरीमागे, पत्र्याखालच्या वाशात चपटे, लांबट गोल, मातकट किंवा निळसर करड्या रंगाचे, कातड्यासारखे जीव दिसले तर ती कोंबड्यांची गोचीड. जनावरांच्या गोचिडीसारखी ती अंगाला चिकटून राहत नाही. मोठी गोचीड रात्री येते, अर्ध्या-पाऊण तासात पोट भरते आणि परत फटीत जाते. भेगेच्या तोंडाशी काळे बारीक ठिपके असतील तर ती तिची विष्ठा.

कोरड्या, उष्ण भागात या गोचिडीचा उपद्रव विशेष असतो, तर दमट हवेत माइटचा. पण दोन्ही कुठेही सापडू शकतात. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याची, गिलावा न केलेली भिंत असेल तर दगडातलं प्रत्येक भोक म्हणजे यांचं घर. देशावर कुडाच्या आणि मातीच्या भिंती पोपडे सुटून तडकतात, तिथेही तीच गत.

उवा वेगळ्या. त्या कोंबडीच्या अंगावरच राहतात, भर दिवसाही दिसतात. शेपटीखाली पिसं बाजूला केली की पिवळसर किडे पळताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी पांढऱ्या अंड्यांचे गठ्ठे चिकटलेले असतात. उवांमुळे कोंबडी अस्वस्थ होते, वाळते, पण खुराडं सोडून झाडावर जायला त्या सहसा कारण ठरत नाहीत. उवा दिसल्या म्हणून शोध थांबवू नका.

आणखी एक खूण अनेकांच्या लक्षात येत नाही. खुडूक कोंबडी २१ दिवस एकाच जागी बसते, त्यामुळे रात्रीच्या या त्रासातून तिला सुटका नसते. चांगली बसणारी कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी अंडी सोडून उठली, किंवा पिल्लं निघाली पण मलूल निघाली, तर कोंबडीला दोष देण्याआधी तिची टोपली उलटी करून बघा.

एका खुराड्यात काय सापडलं

आमच्या वाडीतल्या काकूंचं खुराडं चांगलं बांधलेलं होतं. जांभ्याची भिंत, वर कौलं, दाराला जाळी. तरी कोंबड्या फणसावर. काकू म्हणायच्या, "अरे, शेणानं सारवलंय, धूप घातलाय, मेल्या पाऊल टाकत नाहीत आत." दिवसा बघितलं तर खरंच स्वच्छ होतं. तूस बदललेला, वास नाही, घाण नाही.

बसायची दांडी बांबूची होती, दोन्ही बाजूंनी भिंतीतल्या खोबणीत बसवलेली. ती ओढून बाहेर काढली आणि अंगणात दगडावर आपटली. बांबूच्या उघड्या टोकातून वाळलेल्या भुश्यासारखं काहीतरी सांडलं. जमिनीवर पडल्यावर ते हलायला लागलं. पेर फोडलं तर आतून पोकळी अंड्यांनी आणि गोचिडीच्या कातींनी भरलेली. काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि इतकंच म्हणाल्या, "म्हणजे यांच्या अंथरुणातच होतं की रे." खोबणीत काडी घातली, तर तिथूनही गोचिडी निघाल्या. सारवलेल्या भिंतीवर मात्र एकही नव्हती. सारवण भिंतीवर होतं, गोचीड बांबूत.

बांबू स्वस्त, हलका, हाताशी असतो म्हणून आपण सगळेच तो वापरतो. वापरायला हरकत नाही, पण टोकं उघडी ठेवायची नाहीत. सिमेंट नाहीतर मेण भरून ती बंद करायची, आणि चिरलेला बांबू दांडीला घ्यायचाच नाही. रंधा मारलेली, कडा गोल केलेली दोन इंच जाडीची लाकडी पट्टी त्याहून बरी.

एकदा औषध मारून का भागत नाही

मोठी गोचीड काहीही न खाता दोन वर्षांहून जास्त जगू शकते. म्हणजे सगळ्या कोंबड्या विकल्या, खुराडं वर्षभर रिकामं ठेवलं आणि नवी पिल्लं आणली, तरी फटीत ती वाट बघत बसलेली असते. गोचिडीची मादी दर वेळी रक्त पिऊन झाल्यावर फटीतच अंड्यांचा नवा पुंजका घालते. लाल माइटचं चक्र तर उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरं होतं. फवारणीत चालते-फिरते जीव मरतात, अंडी राहतात, आणि पंधरवड्यानं परिस्थिती जैसे थे. म्हणून पहिल्या सफाईनंतर आठ ते दहा दिवसांनी दुसरी करायचीच, आणि गोचीड असेल तर त्याच अंतरानं तिसरीही. आता काही दिसत नाही म्हणून दुसरी टाळली, की केलेलं सगळं वाया जातं.

दुसरी अडचण कोंबडीच्या अंगावर आहे. गोचिडीची बारीक पिल्लं मोठ्या गोचिडीसारखी फटीत जात नाहीत. ती पंखाखाली, छातीवर, मांडीवर पाच ते दहा दिवस चिकटून राहतात. पिसं फुंकून बाजूला केली की जांभळट काळे दाणे दिसतात. तुम्ही खुराडं लखलखीत केलं आणि त्याच संध्याकाळी त्याच कोंबड्या आत घातल्या, तर त्या अंगावरून पुढची पिढी आत घेऊन जातात. नवं कोरं खुराडं बांधूनही दोन महिन्यांत तक्रार परत येते, त्याचं कारण हेच.

सफाई कशी करायची

कोंबड्या आधी बाहेर काढा. दहा दिवस त्यांना रात्री पडवीत, डालग्याखाली ठेवा. खाली गोणपाट अंथरा आणि रोज सकाळी ते उकळत्या पाण्यात बुडवून वाळवा. गोणपाटं दोन असली म्हणजे अडत नाही. डालगं विणलेलं असतं, त्याच्या विणीत हे जीव लपतात, म्हणून दहा दिवस झाल्यावर डालग्यावरही उकळतं पाणी ओता आणि ते कडक उन्हात टाका.

खुराड्यातला तूस, गवत, अंड्याच्या खोक्यातला पेंढा लांब नेऊन जाळा. तो उकिरड्यात टाकू नका, कोंबड्या तिथेच उकरायला जातात. दांड्या, खोकी, फळ्या, जे जे सुटं होतं ते सगळं बाहेर काढा.

जांभा, वीट, लोखंड, पत्रा असेल तर गॅसवर चालणाऱ्या बर्नरची ज्योत फटीफटीतून सावकाश फिरवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. ज्योतीनं अंडीही मरतात. लाकूड, कुड किंवा वर गवताचं छप्पर असेल तिथे मात्र ज्योत अजिबात नको, उकळतं पाणी घ्या. काही जण भेगांत ब्रशनं रॉकेल सोडतात. त्याचाही उपयोग होतो, पण रॉकेल लावलेल्या खुराड्याजवळ नंतर ज्योत न्यायची नाही, आणि वास पूर्ण जाईपर्यंत कोंबड्या आत घालायच्या नाहीत.

त्यानंतर भेगा बुजवा. या कामाला लोक कंटाळतात आणि सगळं मुसळ केरात जातं. जांभ्याच्या भिंतीला आतून तरी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करा. नाही परवडला तर दांडीच्या आसपासचा दोन-तीन फूट पट्टा तरी करा. वरून ताज्या कळीच्या चुन्याचा दाट हात द्या, कोपऱ्यांत दोनदा. चुना बारीक फटी भरतो आणि पांढऱ्या भिंतीवर पुढच्या वेळी काळे ठिपके लगेच दिसतात.

औषधाबद्दल स्पष्ट सांगतो. शेतातलं उरलेलं कीटकनाशक खुराड्यात मारू नका. बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर जुनी गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी पावडर मिळाली तर तीही नको. तिच्यावर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे, आणि ती अंड्यातून घरच्या मुलांच्या पोटात जाते. जनावरांच्या गोचिडीसाठी डेल्टामेथ्रिनसारखी औषधं मिळतात. ती खुराड्यात वापरता येतात, पण प्रमाण पशुवैद्यकाला विचारून घ्या. फवारणी रिकाम्या खुराड्यात करा, पाण्याची आणि खाद्याची भांडी बाहेर ठेवा, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. कोंबडीच्या अंगावर लावायचं औषध वेगळं असतं, ते स्वतःच्या मनानं ठरवू नका.

दांडी परत बसवताना ती भिंतीत खोचू नका. दोन स्वतंत्र खुंट्यांवर किंवा घोडीवर ठेवा आणि प्रत्येक पायाखाली टिनाचा डबा ठेवून त्यात वापरलेलं इंजिन ऑइल घाला. फटीतून निघालेल्या जिवाला दांडीपर्यंत जायला दुसरी वाटच राहत नाही. मात्र दांडी, पाट्या, दोऱ्या, काहीही भिंतीला टेकता कामा नये. एक लोंबणारी सुतळीही पूल होते. डब्यावर जाळीचा तुकडा घाला, नाहीतर पिल्लं तेलात पडतात.

कोंबड्यांसाठी अंगणात, पावसाचा ओलावा लागणार नाही अशा आडोशाला चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती निम्मी-निम्मी करून एक खड्डा भरून ठेवा. त्या त्यात लोळून घेतात. त्यानं उवा बऱ्याच आटोक्यात राहतात. गोचिडीवर मात्र राखेचा भरवसा धरू नका.

मानमोडी समजून फसू नका

गोचिडीनं रक्त कमी झालेल्या कोंबडीचा तुरा फिका, पांढरट पडतो. गोचिडीच्या पिल्लांमुळे काही वेळा पाय लुळे पडतात, कोंबडी उभी राहत नाही. याच गोचिडीतून एक जंतुसंसर्गही होतो. ताप चढतो, तहान वाढते, हिरवट पातळ शिट पडते आणि कोंबडी झपाट्यानं मरते. बघणाऱ्याला वाटतं मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आली. "लस देऊनही मानमोडी आली" ही तक्रार ऐकली, की मी आधी पंखाखाली बघायला सांगतो. राणीखेतवर औषध नाही. गोचिडीतून येणारा हा आजार मात्र वेळेत दाखवला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. हा फरक डोळ्यांनी ठरवता येत नाही, म्हणून आजारी कोंबडी आणि डबीत पकडलेली दोन-चार गोचीड असं दोन्ही घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावरही सल्ला मिळतो.

एकाच दिवसात बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर गोष्ट वेगळी. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून आपल्याकडे हा धोका कायम आहे. अशा वेळी मेलेल्या कोंबड्या उघड्या हातानं उचलू नका, विकू-वाटू नका, लगेच दवाखान्याला कळवा.

राणीखेतची लस यामुळे टळत नाही, हेही सांगायला हवं. पिल्लं पाच ते सात दिवसांची असताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बीचं इंजेक्शन. या लसी पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत तयार होतात आणि दवाखान्यात मिळतात. कुपीत बऱ्याच कोंबड्यांना पुरेल इतकी लस असते आणि एकदा कालवली की ती लगेच संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या दहा-बारा घरांनी एकाच दिवशी टोचून घेतलं तर बरं.

कोंबड्यांना परत आत आणणं

खुराडं साफ झालं तरी कोंबड्यांना झाडाची सवय झालेली असते. दहा दिवस डालग्यात राहिल्यावर ती बरीचशी मोडते. त्यानंतर चार-पाच दिवस त्यांना साफ खुराड्यातच कोंडून ठेवा, आतच दाणा-पाणी द्या. मग सोडा, पण संध्याकाळचा दाणा खुराड्याबाहेर कधीच टाकू नका. मूठभर कणी किंवा भरडलेला मका आत, ऊन उतरायला लागल्यावर, रोज एकाच वेळी आणि त्याच हाकेनं. तरीही एखादी तलंग हट्टानं झाडावर गेलीच, तर अंधार पडल्यावर उतरवून आत ठेवा. पंखांची पिसं कापायचा सल्ला काही जण देतात, मला तो पटत नाही. दिवसा कुत्रं मागे लागलं की तेच पंख तिला वाचवतात.

बाजारातून आणलेली कोंबडी कितीही गुटगुटीत असो, दोन आठवडे वेगळी ठेवा. गोचीड, माइट, उवा, मानमोडी, सगळं बहुतेक वेळा तिच्याबरोबरच येतं. खुराड्याच्या वळचणीला चिमण्यांची, पारव्यांची घरटी असतील तर पिल्लं उडून गेल्यावर काढून टाका, त्यांतूनही माइट उतरतात.

फडकं कोरडं, फटी स्वच्छ, आणि तरीही कोंबड्या आत जात नाहीत, असंही होतं. मग आत स्वतः वाकून शिरा आणि थोडा वेळ बसा. डोळे चुरचुरले तर शिटेतला अमोनिया साठतोय. भिंतीच्या वरच्या बाजूला समोरासमोर झरोके हवेत. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यात भट्टी होते, पत्र्यावर गवत किंवा नारळाची झापं टाका. जागा कमी असेल तर दुबळ्या कोंबड्यांना आतल्या दांडगट कोंबड्या टोचून बाहेर काढतात. रात्रीपुरतं एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट आणि दांडीवर सात-आठ इंच तरी हवेत. कोपऱ्यात घुशीचं बीळ किंवा सापाची कात दिसली, तर कारण शोधायला आणखी लांब जायला नको.

आता खुराडं मजबूत करा

जाळी-कडीचं काम आता करायचं. कारण कमकुवत खुराड्यात कोंडलेली कोंबडी झाडावरच्या कोंबडीपेक्षाही असहाय. षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, ते ती दातांनी फाडतं. खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंची चौकोनी वेल्डेड जाळी लावा. ती जमिनीत फूटभर पुरा आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरणाऱ्याच्या पायाला जाळीच लागते. दांडी जाळीपासून फूटभर आत ठेवा. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचं मुंडकं किंवा पाय बाहेरून ओढला जातो. सकाळी जाळीजवळ बिनमुंडक्याची कोंबडी सापडली, तर हेच घडलेलं असतं. कौलं असतील तर खालून जाळी मारा, मांजर कौल सरकवून उतरतं.

रात्री कोंबडी मारल्याचा आळ बऱ्याचदा मुंगसावर येतो. मुंगूस मुख्यतः दिवसा फिरणारा प्राणी आहे. कोंबडी दिवसाउजेडी गेली तर मुंगूस, घोरपड, घार, कुत्रं यांचा विचार करा. रात्री गेली तर रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घूस, साप. अंडी नि पिल्लं रक्ताच्या थेंबाशिवाय नाहीशी झाली तर बहुधा साप. बऱ्याच कोंबड्या फाडून तशाच टाकल्या असतील तर बहुधा कुत्रं. विषाचं आमिष किंवा फास लावू नका. मुंगूस, घोरपड, रानमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष खाऊन आधी मरतं ते शेजाऱ्याचं कुत्रं.

दार अंधार पडायच्या आत, कोंबड्या मोजून लावा. आणि महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, रात्री पांढरं फडकं दांडीखालून फिरवा. डाग दिसला तर त्याच आठवड्यात सफाईला लागा, कोंबड्या झाडावर चढायची वाट बघू नका.